रोप लावणीतल्या चिखल्या

आमच्या खानापूर तालुक्यात रोप लावणीला उतरलं की दिवसभर पाय चिखलात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यातलं कातडं पांढरं पडून भिजल्यासारखं झालं, मग चिरलं. रात्री खाजेनं झोप उडायची.

ही बुरशी. ओल राहिली तर कुठलंच मलम टिकाव धरत नाही. शेतातून आलो की साबणानं पाय धुवून एकेक बेचकं जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपून घ्यायचो. तो तुकडा घरात दुसऱ्या कुणाला वापरू दिला नाही. मग १ टक्का क्लोट्रिमॅझोलचं मलम, सकाळ-रात्री, पातळ थर, भोवतालच्या चांगल्या कातडीवरसुद्धा. खाज थांबली तरी लावत राहिलो. साधारण ४ आठवडे लावावं लागतं, मधेच सोडलं की पुन्हा उपटतं.

स्टेरॉइड मिसळलेलं मलम मात्र कृपा करून घेऊ नका. खाज लगेच दबते, बुरशी पसरतच राहते.

पू आला, पाय लाल होऊन सुजला, तर थेट डॉक्टरांकडे जा. शेजारच्या मामांना साखर आहे. त्यांना मी मलम दिलं नाही, बेळगावला दवाखान्यातच नेलं. साखरेच्या माणसाला असल्या चिरेतून जंतू शिरले तर जखम लवकर भरत नाही.