नाताळाची सजावट आणि अकरा डिसेंबरचा गहू

गेल्या वर्षी आमच्या घरी ख्रिस्तजन्माचा देखावा उघड्याबोडक्या मातीवर मांडावा लागला आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते. तारा वेळेवर लागला होता, सुरूची फांदी आली होती, दिव्यांच्या माळाही पेटत होत्या. फक्त देखाव्यातल्या हिरवळीसाठी गहू पेरायचा राहिला होता. वीस तारखेला आठवण झाली तेव्हा घाईघाईने कोरडेच दाणे मातीत टाकले, वर तांब्याभर पाणी ओतले, आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्या मातीतून मोजून दहा-बारा पांढुरकी टोके वर आलेली दिसली. सासूबाईंनी चष्मा सावरून गोठ्याकडे पाहिले आणि "यंदा दुष्काळ दाखवलाय का गं?" एवढेच विचारले. पुढे तोच गहू दोन जानेवारीपर्यंत छान वीतभर वाढला आणि शेजारच्यांच्या शेळीने तो खाल्ला. म्हणून यंदा ही तयारी लिहून ठेवत आहे. बेळगाव, खानापूर भागात जी घरे अजून बाजारातला तयार देखावा न आणता गोठा घरीच उभारतात, त्यांच्या ती उपयोगी पडेल.

झाडलोट, जळमटे, पडदे, पितळेची भांडी यांविषयी काही सांगत नाही. ती कामे न सांगता होतात. नोव्हेंबर संपता संपता माळ्यावरची पेटी खाली काढावी आणि ती उघडून पाहावी. नुसती खाली काढून कोपऱ्यात ठेवू नये, कारण मूर्ती फुटलेल्या असल्या तर चिकटवायला आणि रंगवायला दिवस लागतात. मरिया, योसेफ, बाळ येशू, मेंढपाळ, मेंढरे, गाय, गाढव आणि तीन राजे अशी मोजदाद करावी. आमच्याकडचा एक मेंढपाळ कधीच हरवला आहे आणि त्याच्या जागी दिवाळीच्या किल्ल्यावरचा, तलवार मोडलेला एक मावळा गेली कित्येक वर्षे निष्ठेने उभा आहे. त्याला बदलू द्यायला मुले तयार नाहीत. बाळ येशूची मूर्ती मात्र वेगळी गुंडाळून, घरातल्या दोघांना तरी ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. ती चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नसते, आणि म्हणूनच ऐन वेळी ती सापडत नाही.

आता गहू. बाकी सगळे पैसे टाकून किंवा एक रात्र जागून भरून काढता येते. कागद खडेबाजारात मिळतो, दिव्यांची माळ गणपत गल्लीत मिळते, पण चार बोटे उंचीचे हिरवे रोप तेवीस तारखेला कुठल्याही दुकानात मिळत नाही. अकरा डिसेंबरच्या रात्री गहू भिजत घालायचा, बाराला तो ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा आणि तेराला मोड आलेले दाणे पेरायचे. अकरा, बारा, तेरा. ज्यांनी घटस्थापनेचे धान रुजवलेले पाहिले आहे त्यांना वाटेल की नऊ दिवस पुरेत, आणि माझाही हाच हिशेब चुकला होता. नवरात्रात हवेत ऊब असते. डिसेंबरात आपल्याकडे रात्रीचा पारा पुष्कळदा पंधरा अंशांच्या खाली उतरतो आणि त्या गारठ्यात बी दोन-तीन दिवस नुसते बसून राहते. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पाच-सहा दिवसांत हिरवागार होतो त्या भरवशावरही राहू नये. आळीव लवकर येतो तसाच लवकर माना टाकतो, आणि हिरवळ सहा जानेवारीला तीन राजांच्या सणापर्यंत टिकायला हवी असते. नाचणीचे रोप नाजूक आणि दिसायला फार सुंदर, पण तिला गव्हाहून जास्त दिवस लागतात. ती लावायची असेल तर आठ डिसेंबरला, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशीच पेरून टाकावी.

हा प्रकार काही आपणच शोधलेला नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडे प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला संत बार्बराच्या दिवशी बशांमध्ये गहू रुजत घालतात, आणि क्रोएशिया-हंगेरीत १३ डिसेंबरला संत लुसीच्या दिवशी. तिकडे त्या दिवसांत बाहेर आपल्यापेक्षा कितीतरी कडक थंडी असते, तरी तिकडचा गहू नाताळापर्यंत उगवतो, कारण तो उबदार घरात ठेवलेला असतो आणि मुख्य म्हणजे वेळेवर पेरलेला असतो.

गहू पावशेर पुरे होतो, आणि तो रविवार पेठेतून साधा खाण्याचाच आणावा. शेतीच्या दुकानातले गुलाबी रंगाचे, औषध लावलेले बियाणे घरात आणू नये. मुले हात लावतात, कोंबड्या टिपतात. साठवणीला एरंडेल चोळलेला गहू असेल तर आधी कोमट पाण्याने चोळून धुवावा. तांबडी माती आणि जुने शेणखत निम्मे-निम्मे चाळून घ्यावे आणि करवंट्यांत किंवा खानापूरच्या मातीच्या परळांत तीन बोटे जाडीचा थर द्यावा. करवंटीच्या तळाला भोक पाडायला विसरू नये, नाहीतर पाणी साचून दाणे कुजतात आणि घरभर आंबूस वास सुटतो. मोड आलेले दाणे एकमेकांना खेटून पसरावेत, वर चिमटी-चिमटीने माती भुरभुरावी आणि ओले गोणपाट झाकावे. पाणी ओतायचे नाही, हाताने शिंपडायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलले की टोके दिसतात, आणि ती पिवळी असतात. घाबरू नये, दिवसा दोन-तीन तास कोवळ्या उन्हात ठेवली की हिरवी होतात. रात्री करवंट्या स्वयंपाकघरात, शेगडीच्या जवळपास ठेवाव्यात आणि वर डालगे पालथे घालून त्यावर वरवंटा ठेवावा, कारण उंदीर मोड आलेला गहू हरभऱ्यासारखा खातात. पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग खरवडून काढावा आणि एक दिवस पाणी देऊ नये. हे सगळे मिळून रोजचे पाच मिनिटांचे काम आहे. कठीण ते एवढेच की अकरा तारखेला घरात अजून नाताळाचे वारेही नसते, शाळा चालू असतात, आणि गहू कुणाच्या डोक्यात येत नाही.

तारा बारा-पंधरा तारखांच्या दरम्यान हाती घ्यावा. सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात, दोन-अडीच फुटांच्या. पाच कामट्यांची एक चांदणी अशा दोन चांदण्या बांधून एकीवर एक ठेवायच्या, पाचही टोके सुतळीने आवळायची आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी वीतभराचे तुकडे आडवे सारून पोट फुगवायचे. बांबू पूर्ण वाळलेला घेतला तर तुकडा सारताना तो कडकन मोडतो, अर्धओला घेतला तर वाकतो. पतंगाचा कागद लावावा आणि मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालावे, म्हणजे झुरळे आणि उंदीर कागद कुरतडत नाहीत. मोरचूद विषारी असते, तेव्हा खळीचे भांडे मुलांपासून दूर ठेवावे आणि ते पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. मागच्या बाजूचा एक त्रिकोण बिनचिकटवता सोडावा, नाहीतर दिवा आत घालायला जागा राहत नाही. (हेही मी एका वर्षी केले आहे, पण तो अपराध गव्हाच्या मानाने किरकोळ.) दिवा लहान एलईडीचाच घ्यावा, जुना पिवळा गोळा कागद तापवतो. तारा उघड्या अंगणात काठीवर न लावता पागोळीच्या आत टांगावा, कारण पहाटेचे धुके आणि दव यांनी खळ सुटते आणि नाताळाच्या आधीच एखादा पाय लोंबू लागतो.

गोठ्यासाठी भाताचे पिंजर हवे. मळण्या झालेल्या असतात, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून गवतगंजीतली एक पेंढी विचारून आणावी. चार पैसे देऊ केले तरी तो घेत नाही, मग त्याच्या घरी फराळाचे ताट न विसरता पाठवावे. पिंजर अंगणात झटकून त्याला दोन उन्हे द्यावीत. ते तसेच घरात आणले तर किडे निघतात, आणि एकदा विंचू निघाला होता. डोंगर करण्याची रीत दिवाळीच्या किल्ल्याचीच आहे: गोणपाट तांबड्या मातीच्या पातळ राबडीत बुडवायचे, विटांवर आणि डब्यांवर हवे तसे चुण्या पाडून पसरायचे आणि दोन दिवस हलवायचे नाही. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असावा, कारण या देखाव्यात ओल्या करवंट्या बसणार आहेत. बसणार आहेत ना? पेरल्या असतील तर बसतील. करवंट्यांच्या कडा मातीने झाकल्या की रोपे डोंगरातूनच उगवल्यासारखी दिसतात, आणि जी फार उंच झाली असतील ती कात्रीने सारखी करावीत. आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे तर कडांना वाळू लावावी. चकचकीत कागद, कापसाचे बर्फ, घंटा, सांताक्लॉज यांची गोठ्याजवळ गर्दी करू नये, असे माझे मत आहे आणि ते घरात सर्वांना मान्य नाही. पण १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने पहिल्यांदा हा देखावा केला तेव्हा त्यात गव्हाणी, गवत आणि जिवंत बैल-गाढव एवढेच होते. गंमत अशी की बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल आणि गाढव नाहीत. ते बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून इकडे आले. आमच्या गाढवाला एकच कान आहे, तरी त्याला बाहेर काढण्याची माझी तयारी नाही.

गोठ्यात किंवा गोठ्याच्या हातभर अंतरात मेणबत्ती लावू नये. पणतीही नाही. उन्हे दिलेले पिंजर काडीसरशी पेटते. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्यांचे चक्र, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी, हे वेगळ्या टेबलावरच असावे.

सुरूची फांदी बावीसच्या आधी आणू नये. पाच-सहा दिवसांत ती तपकिरी पडते आणि तिच्या काड्या गालिच्यात रुततात. झाडाच्या मालकाला विचारून तोडावी आणि ओल्या वाळूने भरलेल्या रंगाच्या डब्यात रोवून वाळूला रोज पाणी द्यावे. कुंपणाजवळ पॉइन्सेटिया असेल तर त्याच्या लाल पानांचे दोन-चार तुरे फुलदाणीत पुरतात, मात्र त्याचा चीक हातांना आणि डोळ्यांना लागू देऊ नये. ते झाड रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली असेल तर पाने लाल होतच नाहीत, त्याला लांब काळोखी रात्र लागते. आमचे झाड दोन वर्षे हिरवेच राहिले, याचे कारण फाटकावरचा दिवा होता.

दिव्यांच्या माळा शिडीवर चढण्याआधी जमिनीवरच लावून पाहाव्यात. दाराला झेंडू आणि आंब्याची पाने, उंबऱ्यापुढे चांदणीची रांगोळी. रांगोळी चोवीसच्या संध्याकाळीच काढावी. गोठा वीसला उभा करावा, मूर्ती तेवीसला मांडाव्यात, करवंट्या चोवीसला दुपारी बसवाव्यात आणि तेव्हा पाणी शिंपडावे. तीन राजे लांब, खिडकीशी ठेवावेत; ते सहा जानेवारीपर्यंत रोज थोडेथोडे पुढे सरकतात. हे काम मुलांवर सोपवावे. कॅम्पातल्या फातिमा माता कॅथेड्रलमध्ये रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, निघण्याआधी घरातले सगळे दिवे आणि माळा बंद कराव्यात, बाहेरचा तारा तेवढा चालू ठेवावा. परत आल्यावर घरातल्या सर्वांत धाकट्याने बाळ येशूला गव्हाणीत ठेवायचे असते. मूर्ती कुठे ठेवली आहे ते तोवर कुणालातरी आठवत असावे.

आवराआवरीचे फार लिहीत नाही. मूर्ती जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळाव्यात, वर्तमानपत्रात नको, शाई लागते. पिंजर गायीला घालावे, रोपे शेळीला. पेटी माळ्यावर चढवण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला जाड अक्षरात "११ डिसेंबर, गहू" असे लिहावे. पण पेटी नोव्हेंबरात उघडली जाते आणि अकरा तारखेला तेव्हा अजून दोन आठवडे असतात, म्हणून तेच स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आणि धान्याच्या डब्यावरही लिहावे. मी यंदा तिन्ही ठिकाणी लिहिले आहे, आणि सासूबाईंनी चौथ्या ठिकाणी, फ्रिजच्या दारावर.