गारगोटी की कॅल्साइट? घरच्या घरी ओळखा

सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे पांढरे-पारदर्शक खडे, मग ते गारगोटीचे (क्वार्ट्झ) असोत की कॅल्साइटचे (चुनखडीतले खनिज), दिसायला सारखेच असतात, आणि रस्त्यावरचे विक्रेते सगळ्यांनाच ‘क्रिस्टल’ म्हणतात. विकत घेण्याआधी किंवा संग्रहात नाव लिहिण्याआधी एवढे करा:

१. खड्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला स्टीलच्या सुरीचे टोक ओढा. मोहस् मापनपट्टीवर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) कॅल्साइटची कठीणता ३, गारगोटीची ७, सुरीची साडेपाचच्या आसपास. कॅल्साइटवर खोल ओरखडा उठून पांढरी पूड निघते. गारगोटीवर मात्र सुरीचेच लोखंड घासून करडी रेघ उमटते. ती बोटाने पुसून बघा, नाहीतर हमखास फसगत होते.

२. निघालेल्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की कॅल्साइट. अख्ख्या खड्यावर व्हिनेगर फार मंद चालते, म्हणून पूडच हवी. भिंग असेल तर उत्तम.

३. खडा पारदर्शक असेल तर छापील कागदावर ठेवा. अक्षरे दुहेरी दिसली तर कॅल्साइट. मला ही सर्वांत सुंदर चाचणी वाटते, शिवाय खड्याला इजाही होत नाही.

ओरखडा उठला पण बुडबुडे नाहीत? मग बहुधा झिओलाइट किंवा अपोफिलाइट, ही बेसाल्टच्या पोकळ्यांतलीच दुसरी खनिजे. आपल्याकडे दोन्ही भरपूर आहेत.

एक जपा: व्हिनेगरऐवजी बाथरूम साफ करायचे ॲसिड वापरू नका, आणि चाचणी संगमरवरी ओट्यावर नको. संगमरवर म्हणजे कॅल्साइटच, थेंब पडला की तिथली चकाकी जाते.