जुना लॅपटॉप अपग्रेड करायचा का? आधी हे बघा

लॅपटॉप सात-आठ वर्षं जुना झालाय आणि चालू होईपर्यंत चहा पिऊन होतो, तर नवा घ्यायच्या आधी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (कुठल्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारं ॲप) परफॉर्मन्स टॅब उघडा. डिस्क सारखी १००% आणि बाजूला एचडीडी (म्हणजे जुनी फिरणारी हार्डडिस्क) लिहिलंय ना, मग तिच्या जागी २.५ इंची साटा एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका, डोळे झाकून टाका. जुनी हार्डडिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, एसएसडी ५०० च्या आसपास, आणि खरा फरक बारीक बारीक फाइली उघडताना जाणवतो. आईचा लॅपटॉप मी असाच केला, आता ती बटण दाबून लगेच कामाला बसते.

रॅमचे (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीचे) किती स्लॉट रिकामे आहेत तेही तिथेच मेमरीत दिसतं. पण डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, बसत नाही म्हणून जोर लावू नका प्लीज. पातळ मॉडेलमध्ये रॅम आतल्या मुख्य सर्किट बोर्डालाच सोल्डर (कायमची डाग देऊन चिकटवलेली) केलेली असते, तिथे विषयच संपला, प्रोसेसरचंही बहुतेक तेच.

उघडायच्या आधी बॅकअप घ्या, चार्जर काढा, कव्हर निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. स्क्रू वाटीत एकत्र टाकू नका, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला की वरची बॉडी फुटते.

बॅटरी फुगलीय, स्क्रीनचं हिंज (बिजागरी) तुटलंय, बोर्डही गंडलाय, तर मात्र पैसे घालू नका. आणि प्रोसेसर इंटेलच्या ८ व्या जनरेशनच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अशा मशीनवर एसएसडी टाकून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) घाला.