यीस्टच्या फोटोतून औषधाचं लक्ष्य शोधताय? या चुका टाळा

औषध पेशीतल्या ज्या प्रथिनाला पकडतं ते त्याचं लक्ष्य. ते शोधायला यीस्टच्या प्रथिनांना चमकणारी खूण लावतात, औषध घालतात आणि कोणतं प्रथिन जागा बदलतं ते फोटोत बघतात.

मे महिना, दुपारचे तीन. मायक्रोस्कोपच्या खोलीतला एसी बिघडलेला, आत ३९ अंश. "सर, औषध लागू पडलं! एमएसएन-२ सगळं केंद्रकात गेलंय," एक विद्यार्थिनी धावत सांगायला आली.

"अगं, औषध न घातलेल्या पेशी बघितल्यास का?"

त्यांतही तेच. ताण आला की एमएसएन-२ हे प्रथिन केंद्रकात शिरतं. यीस्टला ३० अंश मानवतात. पेशींची तक्रार उन्हाबद्दल होती.

आमच्या सोलापुरात पहिली चूक हीच, उष्णतेला विसरण्याची. फ्लास्क इनक्युबेटरमधून काढून टेबलावर ठेवला आणि चहा घेऊन आलात, की प्रयोग वाया. एप्रिल-मेमध्ये आम्ही फोटो पहाटेच उरकतो आणि कंट्रोलच्या, म्हणजे औषध न घातलेल्या, पेशी त्याच खोलीत, त्याच वेळी बघतो. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल, तर कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ हवं. नुसतं पाणी घातलेला कंट्रोल हा कंट्रोल नव्हेच.

रात्रभर वाढवलेलं कल्चर सकाळी तसंच वापरू नका. साखर संपली की कितीतरी प्रथिनं आपणहून ठिपक्यांत गोळा होतात, आणि ठिपके दिसले की माणूस हुरळतोच. ताज्या माध्यमात पातळ करा, पेशी दोनदा तरी दुप्पट होऊ द्या. चांगल्या माध्यमात एका खेपेला साधारण ९० मिनिटं लागतात.

फोटोत सगळीकडे धुकं? यीस्ट वाढवायचं नेहमीचं वायपीडी माध्यम स्वतःच चमकतं, पेशी धुऊन सिंथेटिक माध्यमात घ्या. कॉलनी गुलाबी दिसतात? अडेनीन बनवायला लागणारं एडीई-२ जनुक बिघडलेलं असणार. माध्यमात अडेनीन वाढवा, नाहीतर तो रंगही चमकतो. पेशी काचेवर तरंगत असतील तर काचेला कोनकॅनाव्हलिन-ए हे पेशी चिकटवून ठेवणारं प्रथिन लावा.

काहीच बदल दिसला नाही म्हणून औषध निकामी ठरवू नका. यीस्ट पीडीआर-५ सारख्या पंपांनी औषध बाहेर फेकतं. तो पंप काढलेल्या यीस्टच्या वाणावर (स्ट्रेनवर) पुन्हा बघा.

आणि बदल दिसलाच तर? ज्या प्रथिनाने जागा सोडली तेच लक्ष्य, असं धरून चालणं मला सगळ्यांत महागात पडलंय. रॅपामायसिन हे औषध दिलं की जीएलएन-३ हे प्रथिन केंद्रकात पळतं, पण औषध पकडतं टीओआर या दुसऱ्याच प्रथिनाला, तेही एफपीआर-१ या तिसऱ्या प्रथिनाच्या जोडीने. टीओआर सापडलं १९९१ साली, रॅपामायसिनला दाद न देणारं यीस्ट निवडून. तुमच्या औषधाला तसं हट्टी यीस्ट मिळतं का बघा. मिळालं तर त्याचा डीएनए वाचून कोणतं जनुक बदललंय ते बघा, मगच पुन्हा मायक्रोस्कोपकडे वळा.