न्यायसुधारणेसाठी देणगी द्यायची असेल तर

पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांच्यावर सरकार जो खर्च करते, त्याच्यापुढे मोठ्यातली मोठी खासगी देणगीही तुटपुंजीच ठरते. म्हणून किती द्यावे याआधी देणगीदाराने हे ठरवावे की, सरकार जे करून पाहायला कचरते, त्यातले आपण काय करून दाखवणार.

न्यूयॉर्कचे उद्योजक लुई श्वाइट्झर यांनी हेच केले. केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून कच्चे कैदी तुरुंगात खितपत पडतात, हे पाहून त्यांनी १९६१ मध्ये व्हेरा फाउंडेशन स्थापन केले. कायद्याचे विद्यार्थी आरोपीला विचारत: कुठे राहता, किती दिवसांपासून, घरी कोण असते, कामाला कुठे जाता, मग उत्तरांची खातरजमा करून, त्याला जातमुचलक्यावर सोडावे अशी शिफारस न्यायाधीशांकडे करत. तुलनेसाठी काही पात्र आरोपींची शिफारस मुद्दाम रोखून धरली गेली. हे वाचताना मनाला बोचते, परंतु शिफारशीने काय फरक पडतो ते त्यामुळेच आकड्यांत दिसले. सुटलेल्यांपैकी जाणूनबुजून तारीख चुकवणारे दोन टक्क्यांहूनही कमी निघाले. पुढे शहराने हे काम आपल्याकडे घेतले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत संघीय जामीन सुधारणा कायदा झाला.

तेव्हा नोंदी ठेवणे आणि पडताळणी यांसाठी पहिल्या दिवसापासून वेगळी रक्कम राखावी.

गरीब आरोपींच्या जामिनाची रक्कम भरणाऱ्या जामीन निधीला दिलेला पैसा एका माणसाला आजच घरी पोहोचवतो, आणि आरोपी तारखांना हजर राहिला की खटला संपल्यावर बहुधा परत येऊन दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. मात्र त्याने नियम बदलत नाही. म्हणून सोबत कायदेविषयक कामालाही हात द्यावा.

स्वतःच्या आवडत्या उपायाबाबत अधिक सावध राहावे. अमेरिकेतल्या अर्नोल्ड फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या पाठबळाने तयार झालेले, नऊ घटकांवरून आरोपीची जोखीम मोजणारे साधन अनेक न्यायालयांनी स्वीकारले. पण पूर्वीच्या शिक्षांवर बेतलेले गुण जुनाच वांशिक भेदभाव पुढे नेतात, असा गंभीर आक्षेप त्यावर आला. असा आक्षेप वेळेत कानी पडावा यासाठी तुरुंगवास भोगलेल्यांना आणि गुन्ह्याची झळ बसलेल्यांना निर्णय घेणाऱ्या समितीतच जागा द्यावी. नुसत्या सल्लामसलतीने भागत नाही.

शेवटी, आपला निधी संपल्यावर हे काम कोणत्या सरकारी विभागाच्या अंदाजपत्रकात जाणार, हे पहिला हप्ता देण्याआधीच त्या विभागाच्या अधिकाऱ्यांसमोर बसून लेखी ठरवून घ्यावे.