मागच्या चाकाचा एक्सल जाम झालाय? या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा बडोद्यातल्या हजारो दुचाक्यांसारखी माझी १२५ सीसीची गाडीही पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात उभी होती, दोन दिवस. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनी केलं तेच मीही केलं: इंजिन ऑइल दोनदा बदललं, टाकी रिकामी केली, प्लग नवा घातला. गाडी सुरू झाली आणि विषय संपला. चाकांकडे कोणी बघितलंच नाही.

वर्षभराने मागचा टायर बदलायची वेळ आली. नट सुटला, पण एक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा दांडा, जागचा हलेना. त्या दिवशी मी करता येतील तेवढ्या चुका एका दुपारी केल्या.

एक्सल म्हणजे माळेतला दोरा. डोक्याच्या बाजूने शिरला की तो चिमट्याचं भोक, चेन ताणायची पट्टी, कॉलर (चाक आणि चिमटा यांच्यात अंतर राखणारी आखूड नळी), पहिलं बेअरिंग, हबच्या म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आतली लांब नळी, दुसरं बेअरिंग, ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेट, आणि पलीकडचा चिमटा अशा सगळ्यांतून जातो. (मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्विंगआर्मला आपले मेकॅनिक चिमटा म्हणतात, मीही तेच म्हणतो.) बेअरिंग आणि एक्सल यांच्यातली फट केसापेक्षा बारीक असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे एवढीशी फट भरायला फारसा गंज लागत नाही. पुराचं पाणी हे एक कारण. वॉशिंग सेंटरवर हबच्या सीलवर रोखून मारलेला प्रेशरचा फवारा हे दुसरं, आणि ते तर आपण पैसे देऊन करून घेतो.

सगळ्यात मोठी चूक: कुठे अडकलाय ते न बघता ठोकणं

नट काढल्यावर हातोडीआधी पाना घ्या आणि एक्सलचं डोकं फिरवून बघा. त्याआधी डोक्याचा आकार बघा. काही गाड्यांत ते एका बाजूने सपाट असतं आणि पट्टीच्या खाचेत बसतं. तसं असेल तर फिरवायला जाऊ नका, खाच तुटेल.

डोकं अजिबात फिरत नसेल, तर एक्सल बहुधा बाहेरच्या बाजूला धरलाय, म्हणजे चिमट्याच्या भोकात, पट्टीत किंवा ब्रेक प्लेटमध्ये. ही त्यातल्या त्यात बरी बातमी. तिथपर्यंत तेल पोचतं, आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे असं धीराने करत राहिलं तर गंज तुटतो.

डोकं फिरतंय पण एक्सल बाहेर येत नाही, इथे माणूस फसतो. मी फसलो. डोकं लोण्यासारखं फिरलं आणि मला वाटलं, झालं काम! मग तासभर ठोकत बसलो. शेवटी नवापुऱ्यातल्या एका कारीगराला बोलावलं. त्याने डोकं एकदा फिरवलं, वाकून कॉलरकडे बघितलं आणि म्हणाला, "फरे छे, पण छूटुं नथी."

फिरतंय, पण सुटलेलं नाही. एक्सल बेअरिंगच्या आतल्या रिंगला आणि नळीला गंजाने चिकटला असेल, तरी गोळ्या मोकळ्या असल्यामुळे ते सगळं एकत्रच गोल फिरतं. म्हणून डोकं फिरवताना नजर कॉलरवर हवी. कॉलर एक्सलबरोबर फिरत असेल तर गंज आत आहे, आणि मग दिवसभर फिरवलंत तरी काही सुटणार नाही, कारण फिरतंय ते बेअरिंग.

कॉलर स्थिर आहे, एक्सल तिच्यात फिरतोय आणि तरी निघत नाही, अशी तिसरी शक्यता. मग गंजाला दोष देऊ नका. चाकाचं वजन एक्सलवर लटकलेलं असतं. डबल स्टँडवर गाडी घेऊन टायरखाली लाकडाची फळी सरकवा, चेन ॲडजस्टर ढिले करा, ब्रेक रॉड आणि ब्रेक प्लेटची टेकणपट्टी सोडवा. पुष्कळदा एक्सल हाताने ओढला तरी येतो. नाहीच आला तर तो वाकलेला आहे.

तेल भलतीकडे घालणं

नटावर आणि आट्यांवर अर्धा डबा फवारायचा आणि पाच मिनिटांनी हातोडी घ्यायची, ही सर्रास पद्धत. पण नट तर सुटलेला आहे! तेल हवंय चिमटा आणि कॉलर यांच्या फटीत, कॉलर आणि सील यांच्या कडेला. गाडी किंचित कलती ठेवून दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं घाला आणि रात्रभर मुरू द्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून चालत नाही इथे.

डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं, पण ते १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनलं. नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, आणि चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजाला ते पुरतं. वर्षभर मुरलेल्या गंजाला खास गंज सोडवायचं तेल आणलेलं बरं.

ड्रम ब्रेकच्या गाडीत एक गोष्ट मात्र विसरू नका. ब्रेक प्लेट एक्सलला लागूनच असते. जास्तीचं तेल सरळ ड्रममध्ये उतरतं आणि ड्रमला घासून ब्रेक लावणारे लायनर ते पितात. तेल प्यालेला लायनर पुसून वापरू नका, बदला. डिस्क असेल तर डिस्कवर आधी फडका गुंडाळा.

उघड्या आट्यांवर हातोडी

एका घावात आटे बसतात, टोक फुगतं, आणि फुगलेलं टोक चिमट्याच्या भोकातून कधीच जात नाही. म्हणजे जाम एक्सल आता दोन कारणांनी जाम. नट उलट चढवून टोकाच्या पातळीला आणा आणि घाव पितळी दांड्यावर किंवा लाकडी ठोकळ्यावर घाला. एक्सल नटाइतका आत गेला की नट काढा आणि मग पितळी दांड्यानेच पुढे ढकला. दांडा भोकापेक्षा बारीक हवा.

दुसरी गोष्ट मला कारीगराने सांगेपर्यंत सुचली नव्हती. एक्सल आत चिकटलेला असेल तर तुमचा घाव बेअरिंग, नळी, कॉलर असा प्रवास करत डोक्याच्या बाजूच्या चिमट्यावर जातो, आणि तो चिमटा बाहेर वाकतो. त्या बाजूला जाड पाइपचा तुकडा लावून भिंतीचा किंवा भक्कम खांबाचा टेका द्या. पाइपच्या पोटात एक्सलचं डोकं मावलं पाहिजे. आठ-दहा दणक्यांत एक केसभरही सरकला नाही, तर थांबा.

गॅसचा बर्नर

चिमट्याच्या टोकाला हॉट एअर गनने शेकणं ठीक आहे. बर्नर नको. बेअरिंगचं सील रबराचं, स्प्रॉकेटच्या मागचे दणका झेलणारे तुकडे रबराचे, आतलं ग्रीस वितळणारं, आणि तुम्ही नुकतंच ओतलेलं तेल पेट घेणारं. वर हाताच्या अंतरावर पेट्रोलची टाकी.

कापायला घाबरणं

माझा एक्सल शेवटी कापावा लागला. मी काकुळतीला येऊन कारीगराला म्हणालो, "भाई, अजून एकदा ठोकून बघू या का?" त्याने हॅकसॉचं नुसतं पातं काढलं, एका टोकाला फडका गुंडाळला आणि चिमटा व कॉलर यांच्यामध्ये घातलं. तेलाचा थेंब टाकत दोन्ही बाजू कापायला सव्वा तास लागला. ग्राइंडर जवळच होता, पण टाकीखाली ठिणग्या नकोत म्हणून त्याने हात लावला नाही. त्याचा हिशेब सरळ होता: एक्सल काही शे रुपयांत मिळतो, चिमटा वाकला तर तेवढ्यात भागत नाही.

चाक मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या लेथवाल्याकडे नेलं. हायड्रॉलिक प्रेसवर तुकडा निघाला तेव्हा नळीतून विश्वामित्रीचा सुकलेला गाळ पडला, वर्षापूर्वीचा.

बेअरिंग अर्थातच नवी घातली. इतका मार आणि पाणी खाल्लेली बेअरिंग परत वापरण्यात काही शहाणपण नाही. दुकानात जाताना जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर बघून जा. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात: ०१ म्हणजे १२ मिलिमीटर, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. म्हणून ६२०२ आणि ६३०२ दोन्ही त्याच एक्सलवर चढतात, पण हबमध्ये एकच बसतं. दुकानदार "चालेल" म्हणाला तरी बाहेरचं माप बघून घ्या.

बसवताना

नवा एक्सलही काचेवर लोळवून बघा. डगमगला तर परत करा. जुनाच घालणार असाल तर बारीक पॉलिश पेपरने घासून पुसा. मधल्या भागाला ग्रीसचा पातळ हात, आट्यांना नाही, कारण मॅन्युअलमधला नट आवळायचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. स्प्लिट पिन असेल तर नवी घाला, जुनी सरळ करून नको. चेन ॲडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, तेवढं बघा.

आता मी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, एक्सल बाहेर काढतो, पुसतो आणि ग्रीस लावून परत घालतो. अर्ध्या तासाचं काम.

आमच्या शेजारच्या काकांची गाडी माझ्या गाडीला टेकूनच त्या पाण्यात उभी होती. चाक त्यांनी अजून उघडलेलं नाही, म्हणतात छान पळतेय. रविवारी सकाळी पाना आणि तेलाचा डबा घेऊन जाणार आहे. काकूंना चहाचं सांगून ठेवलंय.