दुसरा गिअर अखेर सापडला

बाबांची १९७१ ची फोक्सवॅगन टाइप २ व्हॅन. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, गिअरचा दांडा मात्र पुढे. दोन्ही जोडणारी लांबलचक सळई गाडीच्या पोटाखालून जाते. पातेल्यात पळी फिरावी तसा दांडा नुसता फिरायचा. जवाहर मार्गाच्या गर्दीत दुसरा टाकायला जावं तर काहीच हाताला लागत नसे.

एका मेकॅनिकनं गिअरबॉक्स खोलायला सांगितलं. मला पटेना. क्लच नीट सुटत होता, पडलेला गिअर निसटत नव्हता, खरखर नव्हती. मग दोष पेटीत कसा असेल?

गाडीखाली शिरून सळई हातानं हलवली, तर खडखड वाजली. पुढचा बुश, म्हणजे सळई ज्यातून सरकते ती कडी, झिजून पार कागद झाला होता. बोटानं दाबताच तुकडे पडले. मागच्या जोडाचं रबरही चुरा झालेलं. जुना बुश शाबूत नसल्यानं माप सळईवरून घेतलं आणि खरादीकडून नायलॉनचा नवा करून घेतला. सळई रॉकेलनं पुसून ग्रीस लावलं. रबरही बदललं.

खरी कसोटी जुळवणीची. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून दांड्याच्या बुडाचे दोन बोल्ट तेराच्या पान्यानं सैल केले आणि दांडा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिलो. दांडा चुकून रिव्हर्समध्ये जाऊ नये म्हणून तिथं असलेली अडसर-पट्टी उलटी बसली की रिव्हर्स पडत नाही, हे तिसऱ्या खेपेला कळलं. ती उलटवून बसवली.

संध्याकाळी बाबांना चालवायला दिली. त्यांनी दुसरा टाकला, काढला, पुन्हा टाकला. म्हणाले, "अरे, ही तर नवी असताना अशी होती."